उभा दोष, आडवा दोष



घरातल्या हुनरांविषयीच्या या सदरात शिवण, भरतकाम, रफू असे विषय येत असतात. या वेळी टपालात हातमागाचा प्रश्न आला. एका भगिनीने लिहिले आहे, "आमच्या घरी हातमाग आहे. सूत भिजवणे, खळ देणे, कांड्या भरणे, ताणा लावणे ही कामे मी आणि सासूबाई करतो. मागावर घरातले पुरुष बसतात. कापडात पट्टा पडला किंवा तार तुटली की पहिला बोल आम्हालाच ऐकावा लागतो. दोष नेमका कुठून आला, हे कसे ओळखावे?"

हा प्रश्न एका घराचा नाही. आज मालेगाव-भिवंडीत यंत्रमागाचा खडखडाट आहे. पण १८५७ नंतर उत्तरेतून इकडे आलेल्या मोमीन विणकरांनी सोबत हातमागाचेच हुनर आणले होते. ताणा-बाणा हा शब्द उर्दूत आणि मराठीत एकच आहे, आणि अनेक घरांच्या तीन-तीन पिढ्या त्याच दोन धाग्यांवर जगल्या आहेत. माग हातचा असो की विजेचा, दोष शोधण्याची रीत बदलत नाही. आमचे उत्तर थोडक्यात असे, की भांडण्याआधी कापड उजेडात धरा. दोष कुठे जन्मला, हे कापड स्वतःच सांगते.

कापड कसे वाचावे?

मागावर दोन प्रकारचे धागे असतात. लांबीने जाणारे उभे धागे म्हणजे ताणा. त्यातल्या एकेका धाग्याला आपण तार म्हणतो. रुंदीने जाणारा आडवा धागा म्हणजे बाणा. तो कांडीवर भरलेला असतो आणि कांडी धोट्यात बसते. ताण्याची प्रत्येक तार मागच्या रुळावरून येते, वहीच्या डोळ्यातून जाते, मग फणीच्या घरातून निघते आणि पुढे कापड होते. पायपट्टी दाबली की वह्या वर-खाली होतात आणि तारांमध्ये वाट उघडते. त्या वाटेतून धोटा जातो आणि फणी आडवा धागा ठोकून जागेवर बसवते.

एवढे लक्षात घेतले की दोषाचा माग काढता येतो. त्यासाठी चार खुणा पुरतात.

पहिली खूण : दोष कापडाच्या लांबीने सरळ रेघेसारखा पळत असेल, तर तो ताण्यात, वहीत किंवा फणीत आहे.

दुसरी खूण : दोष रुंदीने, आडव्या पट्ट्यासारखा असेल, तर तो बाण्यात, ठोक्यात किंवा कापड गुंडाळण्यात आहे.

तिसरी खूण : दोष फक्त किनारीला असेल, तर ताणा आणि बाणा या दोघांचे आपसात जमत नाही असे समजावे.

चौथी खूण : दोष कुठेही, कसाही विखुरलेला असेल, म्हणजे गाठी, जाड-बारीक जागा, कचरा, तर तो बहुधा सुतातच आहे. ते सूत ज्याने विकत आणून दिले, त्याच्याकडे बोट जाते.

उभा दोष

समजा, कापडात लांबीने एक फट दिसते. फटीवर बोट ठेवा आणि त्याच रेषेत मागे मागे जा. आधी फणीपाशी पाहा. एखादे घर रिकामे राहिले आहे काय? नसेल तर वहीपाशी पाहा. तार डोळ्यात न जाता बाजूने गेली आहे काय? दोन तारा एकाच डोळ्यात शिरल्या आहेत काय? फट नसून जाड रेघ दिसत असेल, तर फणीच्या एका घरात दोनऐवजी तीन तारा असण्याचा संभव आहे. वही आणि फणी यांच्या मधल्या जागेत दोन तारांनी एकमेकींना ओलांडले असेल, तर त्या जागी वाट नीट उघडत नाही आणि धोटा अडतो.

हा दोष तारा ओवताना होतो आणि तो तेव्हाच पकडणे सोपे असते. त्यासाठी थोडे गणित. सुती फणीचा नंबर म्हणजे साधारणपणे २ इंचांतल्या घरांची संख्या. ६० नंबरच्या फणीत २ इंचांत ६० घरे, म्हणजे एका इंचात ३०. प्रत्येक घरात २ तारा घेतल्या तर इंचात ६० तारा होतात. ३६ इंच रुंद कापडाला २,१६० तारा लागतात. किनारीला जास्तीच्या तारा घेत असाल तर त्या वेगळ्या. दोन हजारांवर तारा ओवून झाल्यावर चूक शोधणे म्हणजे डोळ्यांना शिक्षाच. म्हणून ६० तारांचे ३६ गट करावेत. एक गट वहीतून आणि फणीतून ओवून झाला की मोजावा, सैल गाठ मारावी, मगच पुढचा घ्यावा. चूक राहिली तरी ती ६० तारांच्या आत सापडते.

सगळे ओवून झाल्यावर लगेच चांगले सूत घालू नये. आधी जाड, वेगळ्या रंगाच्या धाग्याने दोन इंच विणून पाहावे. वेगळ्या रंगावर फट, दुहेरी तार, चुकलेली तार लगेच उठून दिसते. जास्तीची तार असेल तर ती काढून टाकता येते. तार कमी असेल तर मागून एक नवी तार घ्यावी, वहीच्या आणि फणीच्या रिकाम्या घरातून ओवावी आणि तिच्या मागच्या टोकाला रिळासकट छोटे वजन बांधून सोडावी. रिकामे घर किनारीच्या जवळ असेल, तर तिथपासून किनारीपर्यंतच्या तारा पुन्हा ओवणे सगळ्यांत बरे. अर्धा तास जातो, पण पुढचे सगळे कापड वाचते.

जुना ताणा संपत आला की अनुभवी घरे तो वही-फणीतून काढून टाकत नाहीत. जुन्या प्रत्येक तारेच्या टोकाला नवी तार जोडतात. ही सांधणी. ओवण्याचे काम वाचते आणि ओवण्यातली चूकही टळते. मात्र जुन्या ताण्यात चूक असेल, तर सांधणीने तीच चूक नव्या कापडातही येते. म्हणून सांधणीआधी जुने कापड एकदा उजेडात धरावे.

तार तुटते ती कुठे?

तार तुटणे हे विणकराचे रोजचे दुखणे आहे. पण 'फार तुटते' एवढे म्हणून भागत नाही. ती कुठे तुटते हे पाहावे.

एकाच जागी पुन्हा पुन्हा तुटत असेल, तर तिथला वहीचा डोळा खरखरीत झाला आहे किंवा फणीची काडी वाकली आहे. बोटाने चाचपडले तर कळते. फक्त किनारीला तुटत असेल, तर कापड आत ओढले जात आहे. त्याविषयी पुढे लिहिले आहे. कुठेही तुटत असेल, तर तीन कारणे तपासावीत : खळ, ताण आणि हवा.

तांदळाची किंवा गव्हाच्या पिठाची खळ तारेवरचे तंतू बसवते आणि तिला घासण्यापासून वाचवते. खळ कमी पडली की तार फुलते, फणीत घासते आणि तुटते. जास्त झाली की तारा ताठ होतात, एकमेकींना चिकटतात आणि वाट साफ उघडत नाही. खळ दिल्यावर ताणा पसरून कुंच्याने एकाच दिशेने झाडला, तर तारा सुट्या होतात. ताण गरजेपेक्षा जास्त ठेवण्याची सवय अनेकांना असते. वाट साफ उघडते तेवढा ताण पुरे, त्यापुढचा ताण तार तोडतो. आणि हवा फार कोरडी झाली की खळ दिलेली सुती तार ठिसूळ होते. खड्ड्याचा माग जमिनीशी असतो, मातीचा ओलावा तारांना मिळतो, हा त्याचा एक फायदा. उन्हाळ्यात मागाखाली पाणी शिंपडणे किंवा ओले पोते ठेवणे हा सोपा उपाय आहे. पाणी तारांवर मात्र पडू देऊ नये.

तुटलेली तार जोडण्याची रीत अशी. त्याच सुताचा हातभर तुकडा घ्यावा. मागच्या तुटक्या टोकाला तो लहान, चपट्या विणकरी गाठीने बांधावा. मोठी गाठ फणीतून जात नाही आणि पुन्हा तुटते. तुकडा वहीच्या त्याच डोळ्यातून आणि फणीच्या त्याच घरातून ओवावा. कापडात दोन बोटे आत एक टाचणी आडवी खोचावी आणि तुकड्याचे टोक तिच्याभोवती आठाच्या आकड्यासारखे गुंडाळावे. ताण शेजारच्या तारांएवढाच ठेवावा. चार इंच विणून झाले की टाचणी काढावी आणि सुटे टोक सुईने कापडात घ्यावे.

सैल पट्टा

कधी कधी ताण्याचा एक पट्टा ढिला पडतो आणि त्या भागात कापड लोंबते. डोळे मिटून हाताची पालथी बाजू ताण्यावरून हलकेच फिरवा, सैल जागा लगेच लागते. याचे मूळ बहुतेक वेळा ताणा रुळावर गुंडाळताना असते. एका बाजूने कमी ओढला गेला किंवा वरचा थर खालच्या थरात रुतला, तर ताण सारखा राहत नाही. प्रत्येक थरामध्ये जाड कागद किंवा बांबूच्या पातळ काड्या घालत गेले, तर थर रुतत नाहीत. विणताना ढिलाई लक्षात आली, तर मागच्या रुळापाशी तेवढ्याच तारांखाली पुठ्ठ्याची पट्टी सरकवावी. तात्पुरता इलाज आहे, पण चालतो.

आडवा दोष

रुंदीने कुठे दाट, कुठे विरळ पट्टे दिसले, तर पहिला संशय ठोक्यावर घ्यावा. हात थकला की ठोका हलका पडतो, राग आला की जोरात पडतो. कापड फार वेळ न गुंडाळता विणत राहिले, तर फणी आणि कापडाची कड यांच्यातले अंतर कमी होते आणि ठोका बदलतो. थोडे थोडे विणून वारंवार गुंडाळावे. गुंडाळल्यावर ताण आधीइतकाच आहे ना, हे हाताने पाहूनच पुढचा धोटा फेकावा.

माग थांबला तिथे एक आडवी खूण राहते, हेही सगळ्यांनी पाहिले असेल. जेवायला किंवा नमाजला उठताना फार फरक पडत नाही. पण रात्रभर ताणा कसून ठेवला तर तारा ताणल्या जातात आणि सकाळी पहिला ठोका वेगळा बसतो. रात्री उठताना ताण थोडा सैल करावा. सकाळी पूर्ववत करून पहिले दोन-चार ठोके हलक्या हाताने घालून पाहावे.

कांडीमुळेही आडवा पट्टा येतो. एक कांडी ओली, दुसरी कोरडी, किंवा रंगाच्या दोन वेगवेगळ्या घाणीतले सूत, तर कांडी बदलली तिथे पट्टा उमटतो. दोन गाठोड्यांच्या रंगात थोडा फरक असेल, तर दोन धोटे घेऊन आलटून पालटून विणावे. फरक कापडभर विरघळतो. कांडी एकसारख्या ताणाने भरलेली असावी. सैल भरलेल्या कांडीचे वेढे एकदम सुटतात आणि कापडात फास पडतात. रहाटावर बसलेल्या बाईचे हे काम पोरखेळ नाही, हे इथे लक्षात येते.

किनार

किनार आत ओढली गेली की कापड अरुंद होते, कडेच्या तारा फणीत तिरप्या घासतात आणि तुटतात. बाणा ओढून ताठ सोडू नये. तो वाटेत थोडा तिरपा किंवा कमानीसारखा ठेवावा. उभ्या तारांच्या वर-खाली वळायला त्याला लांबी लागते. दोन्ही टोकांना अणी असलेली बांबूची कामटी कापडाच्या रुंदीवर लावली, तर कापड ताणलेले राहते. कामटी कापडाच्या कडेजवळ ठेवावी आणि वेळोवेळी पुढे सरकवावी. याउलट किनारीला बाण्याचे फास दिसत असतील, तर कांडीतून धागा फार सैल सुटतो आहे.

नक्षीचा दोष आणि मशरूची गोष्ट

नक्षीच्या कापडात आणखी एक खूण कामी येते. औरंगाबादचा हिमरू घ्या. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा आलेल्या विणकरांशी या हुनराचे नाते सांगितले जाते. सुती ताण्यावर रेशमी धाग्याने बुट्टी उठवतात आणि नक्षीचा धागा मागच्या बाजूला मोकळा राहतो. अशा कापडात प्रत्येक बुट्टीत त्याच पाकळीची तीच चूक दिसली, तर ती नक्षा बांधण्यातली किंवा जॅकार्डच्या पत्त्यातली चूक आहे. एकाच बुट्टीत चूक असेल, तर ती विणणाऱ्या हाताची. पुन्हा पुन्हा येणारी चूक आणि एकदाच आलेली चूक यांचा हिशेब वेगळा ठेवावा.

मशरूचा ताणा रेशमी आणि बाणा सुती. पुरुषांना निव्वळ रेशीम वर्ज्य, म्हणून रेशीम वर दिसेल आणि अंगाला सूत लागेल असे कापड विणले गेले. शरियतने परवानगी दिलेले, ते मशरू. यात रेशमी तार अनेक आडव्या धाग्यांच्या वरून जाते आणि एकाखाली बुडते, त्यामुळे दर्शनी बाजू जवळजवळ सगळी ताण्याची असते. म्हणून मशरूत आडवा दोष बराचसा झाकला जातो, पण उभा दोष, तुटलेली एक तारही, आरशावरच्या चऱ्यासारखी दिसते. ज्या कापडाची सगळी शोभा ताण्यावर आहे, त्या कापडाची शोभा ताणा तयार करणाऱ्या हातांवर आहे.

मजुरीचा हिशेब

इथे आम्ही मूळ प्रश्नाकडे येतो. वर सांगितलेले दोष मोजून पाहा. ओवणे, सांधणी, खळ, रुळावर गुंडाळणे, कांडी भरणे, यांतली बहुतेक कामे मागावर बसण्याआधीची आहेत, आणि पुष्कळ घरांत ती बायका करतात. २०१९-२० च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेत देशात ३५ लाखांहून थोडे अधिक हातमाग कामगार मोजले गेले. त्यांत सुमारे ७२ टक्के स्त्रिया आहेत. तरीही घरात विचारले तर उत्तर मिळते, "विणतो तो मी. ती फक्त मदत करते."

दोष निघाला की तो 'तिचा', आणि कापड चांगले निघाले की ते 'माझे', हा इन्साफ नाही. जिच्या हातून राहिलेल्या चुकीला आपण किंमत लावतो, तिच्या हातून झालेल्या चांगल्या कामालाही किंमत लावली पाहिजे. कामगाराचा हक्क वेळेवर देण्याची ताकीद आपल्या दीनमध्ये आहे. ती घराच्या उंबऱ्याबाहेरच लागू होते असे कुणी सांगितलेले नाही.

यासाठी आम्ही चार गोष्टी सुचवतो. त्या कोणत्याही घरात उद्यापासून करता येतील.

एक : मागाजवळ एक वही ठेवा. तारीख, सुताचे गाठोडे, दोष उभा की आडवा, आणि सापडलेले कारण लिहा. महिन्याभरात कळेल की बोल कुणाला बसत होते आणि चूक कुठे होत होती.

दोन : सुताच्या प्रत्येक गाठोड्याची चिठ्ठी आणि हातभर नमुना जपून ठेवा. व्यापारी मजुरी कापू लागला आणि दोष सुतातच असेल, तर तो नमुना त्याच्यापुढे ठेवता येतो. तोंडी वादापेक्षा हे बरे.

तीन : घरच्या हिशेबात कांडी, ताणा आणि सांधणी यांची मजुरी वेगळ्या ओळीत लिहा, ज्या बाईने काम केले तिच्या नावापुढे. पैसे घरातच राहणार असले तरी लिहा. बाहेरून हेच काम करून घेतले असते तर किती द्यावे लागले असते, हे त्या ओळीतून दिसते.

चार : हातमाग कामगारांसाठी असलेले ओळखपत्र फक्त मागावर बसणाऱ्यासाठी नाही. ताणा, कांडी अशी पूरक कामे करणाऱ्यांनाही ते मिळते. घरातल्या बायकांची नावे त्यात आहेत की नाहीत, हे पाहून घ्या.

मुलामुलींनाही या कामात बसवा, पण नुसते राबवायला नको. कापडाचा तुकडा त्यांच्या हातात द्या आणि विचारा, दोष उभा आहे की आडवा? कुठून आला असेल? उत्तर शोधत मूल रुळापर्यंत गेले, की दादीचे, अम्मीचे काम त्याला पहिल्यांदा दिसेल. आणि एकदा दिसलेले काम 'मदत' म्हणून उडवून लावणे त्याला पुढे जमणार नाही, इन्शाअल्लाह.